झाकायचं काम

माझ्या डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला बोटभर लांबीचा एक चकचकीत डाग आहे. केस सरळ करायच्या तापलेल्या चिमट्याचा, म्हणजे स्ट्रेटनरचा. तो माझा मी चुकून लावून घेतलेला नाही. डहाणूला स्टेशनजवळच्या ज्या पार्लरमध्ये मी काम शिकले, तिथल्या मालकिणीने तो दिला. एका गिऱ्हाइकाच्या भुवया माझ्या हातून जास्तच बारीक झाल्या होत्या. ती बाई आरशात बघून किंचाळली. मालकिणीने तिची माफी मागितली, तिला सरबत पाजलं, दारापर्यंत सोडलं, मग आत आली आणि शांतपणे तो चिमटा माझ्या मनगटावर ठेवला.

"आता लक्षात राहील," म्हणाली.

राहिलंच. मी तिच्या कानाखाली अशी वाजवली की तिचं कानातलं निसटून फरशीवर नाचत गेलं. वॅक्सचं गरम भांडं उचललं आणि भिंतीवर मारलं. तिच्या अंगावर मारलं नाही, एवढं भान कुठून आलं ते मला आजही कळत नाही. गुलाबी भिंतीवरून ते पिवळं मेण ओघळत असताना मी माझी चप्पल शोधत होते आणि ती "पोलीस बोलावीन" म्हणून ओरडत होती. बोलावले नाहीत. मी रस्त्यावर आले तेव्हा माझं मनगट जळत होतं आणि नोकरी गेलेली होती.

माझं डोकं गरम आहे, हे इथेच सांगून टाकते. पुढे जे येणार आहे त्यात माझा शांतपणा कुठे शोधू नये.

आई तेव्हा फुग्यांच्या कारखान्यात होती. घरी आली की तिच्या केसांना रबराचा वास यायचा. मी तिला सांगितलं, आता मी कोणाच्या हाताखाली काम करणार नाही, फ्रीलान्स करणार. म्हणजे काय गं, तिने विचारलं. म्हणजे मालक नाही, दुकान नाही, मीच माझी मालकीण, ज्याला गरज असेल तो फोन करेल, मी पेटी घेऊन जाईन. आईने भाकरी उलटली आणि अगदी खरोखरच्या काळजीने म्हणाली, "मग तुला ओरडणार कोण? मारणार कोण? अशाने कामं होतात होय?"

मी हसले. पण ती थट्टा करत नव्हती. तिने आयुष्यभर जी कामं केली, त्या प्रत्येकात कोणीतरी अंगावर धावून येणारं होतंच.

सुरुवातीला कामं मिळाली ती सगळी पार्लरवाल्यांनी नाकारलेली. उन्हात जीप बदलत जायचं, आत पाड्यापर्यंत पाय तुडवायचे, लाइट नसलेल्या खोलीत नवरी सजवायची. मी स्कूटर घेतली. पेटीबरोबर स्वतःचा आरसा, स्वतःचं स्टूल आणि लांबलचक वायरचा स्वतःचा एक्स्टेन्शन बोर्ड न्यायला लागले, कारण लग्नघरातला एकमेव चालू प्लग नेहमी डीजेवाल्याकडे असतो. नातेवाइकांची कामं फुकट करायची बंद केली. माझी एक चुलती त्यावरून अजून माझ्याशी बोलत नाही आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. नवरीच्या आत्यांचं तोंड रंगवायचं की नाही हे आदल्या दिवशीच ठरवायला लागले. लग्नाच्या दिवशी आत्या लोक ओठ पुढे करून रांगेत उभ्या राहतात आणि नाही म्हटलं की शाप देतात.

मालकीण गप्प बसली नव्हती. माझ्या क्रीमने तोंडाला फोड येतात, असं तिने सगळीकडे पसरवलं. चिंचणीला एका घरी मी आत काम करत असताना बाहेर माझ्या स्कूटरची सीट ब्लेडने उभी फाडली गेली आणि पेट्रोलच्या टाकीत रेती टाकली गेली. कोणी टाकली हे विचारत फिरायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी, पार्लर गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना, मी तिथे गेले, दारावरची तिच्या नावाची काचेची पाटी काढली आणि रस्त्यावर आपटली. आतल्या बायका तोंडाला फेसपॅक लावलेल्या अवस्थेत बाहेर येऊन बघत होत्या. "आता लक्षात राहील," मी म्हणाले. त्यानंतर माझ्या स्कूटरला कोणी हात लावला नाही.

पण माझं नाव झालं ते या भांडणांमुळे नाही. नाव झालं एका नवरदेवाच्या डोळ्यामुळे.

कासाच्या बाजूला एक लग्न होतं. मला नवऱ्याच्या बहिणींना तयार करायचं होतं. सकाळी पोचले तर घरात सुतक पडल्यासारखी शांतता. हळदीला डीजेवर कोणतं गाणं लावायचं यावरून आदल्या संध्याकाळी हाणामारी झाली होती. ताडी पोटात, हळद अंगावर, आणि नवऱ्याच्या मावसभावाने उचललेली प्लास्टिकची खुर्ची नवऱ्याच्याच तोंडावर बसली होती. त्याचा डावा डोळा वांग्यासारखा झाला होता. त्याची आई भिंतीला डोकं टेकून रडत होती. मुलीकडचे लोक दारुड्यांचं घर म्हणून परत जातील, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

पेटीत नारिंगी लिपस्टिक होती. निळ्या डागावर नारिंगी मारला की निळा मरतो, हे मी मोबाइलवर कुठेतरी पाहिलं होतं, केलं कधी नव्हतं. मी नवऱ्याला ओट्यावर बसवला, बर्फ दाबला, सूज जरा उतरल्यावर लिपस्टिक थापली आणि वर त्याच्या रंगाचं फाउंडेशन पातळ पातळ बसवत गेले. तो कळवळला की मी ओरडायचे. लग्न लागलं. फोटोत नवरा फार देखणा दिसला नाही, पण शाबूत दिसला. त्याच्या आईने सगळ्यांसमोर माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला.

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. बोर्डीपासून बोईसरपर्यंत आणि तिकडे उंबरगावपर्यंत लोक मला "वळ झाकणारी" म्हणायला लागले. आधी पुरुषच यायचे, म्हणजे फोन करायचे. निवडणुकीच्या मारामारीत ओठ फाटलेला आणि संध्याकाळी स्टेजवर बसायचं असलेला एक जण. बोटीवरच्या भांडणात गालावर दोराचा फटका बसलेला आणि साखरपुडा तोंडावर आलेला दुसरा. मग बायका यायला लागल्या, आणि त्यांचं येणं थांबलंच नाही.

लाल असेल तर हिरवा. निळा असेल तर नारिंगी. पिवळा पडायला लागला की फिका जांभळा. हळूहळू मला नुसतं बघून कळायला लागलं की काय लागलं आहे. पट्टा उमटतो तो बकलाच्या बाजूला जास्त. अंगठी घातलेल्या हाताचा फटका असेल तर मध्ये एक छोटा गडद ठिपका राहतो. मोबाइल चार्जरच्या वायरीचा वळ बारीक आणि वेटोळा असतो. बायका म्हणायच्या, मोरीत घसरले. गाईने शिंग मारलं. मी हं हं करायचे. पार्लरमध्ये शिकलेला पहिला धडा हा होता की गिऱ्हाइकाला काही विचारायचं नाही. मला राग यायचा, भयंकर यायचा, दात दुखेपर्यंत मी जबडा आवळून धरायचे, पण तो सगळा राग स्पंजवर निघायचा आणि त्यामुळेच की काय, काम फार सफाईदार व्हायचं.

आणि धंदा वाढला. हे लपवायचं कारण नाही. मोसमात माझा एकही दिवस मोकळा नसे, आईला मी कारखाना सोडायला लावला, आणि ज्या पार्लरवाल्या आधी नाक मुरडायच्या त्याच मला फोन करून म्हणायच्या, जरा येऊन जा गं, आमच्याच्याने हे झाकलं जात नाही.

तो फोन मे महिन्यात आला. झाईला एक काम उरकून मी कोळीवाड्यातल्या नळावर ब्रश धूत बसले होते. भर दुपार होती, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास नाकात बसला होता. पलीकडे एक तरुण पुरुष होता. तलासरीच्या पुढे, उधव्याच्या बाजूला, उद्या बहिणीचं लग्न आहे म्हणाला. मेकअप करायचा आहे. उद्याचं काम आज सांगतात होय, मी म्हणाले. पण त्या दिवशीचं माझं लग्नाचं काम पुढे गेलं होतं, म्हणून हो म्हटलं.

"आनी म्याडम, जरा झाकायचं पन काम हाय," तो म्हणाला.

"कुठे आहे डाग?"

"ते... बघू. मानेवर धरा."

मला वाटलं, लाजतोय. मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. कधी लागलंय? लाल आहे की निळा? त्याने उलट मलाच विचारलं.

"आज दुपारचं असलं तर उद्या सकाळी निळा होतो काय?"

"निळा-जांभळा होईल. झाकता येतं."

"पक्कं ना? वराडातली लोकं हायती, दिसाय नाय पायजे."

"माझ्या हाताखालचा डाग फोटोत दिसला तर नाव बदलेन," मी म्हणाले. हे वाक्य मी सगळ्यांनाच ऐकवायचे. त्याने थॅंक्यू म्हणून फोन ठेवला आणि मी उरलेले ब्रश धुतले.

सकाळी पोचले तेव्हा मांडवात खुर्च्या लागत होत्या. भाऊच समोर आला. चांगला उंच, नवा पांढरा शर्ट, अदबीने बोलणारा. माझी पेटी त्याने स्वतः उचलून आतल्या खोलीत नेली आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसला. नवरीची आई कोपऱ्यात ताटात हळदकुंकू मांडत होती आणि मान वर करत नव्हती. नवरी खिडकीकडे तोंड करून बसली होती. ती वळली आणि मी तिला ओळखलं.

ती मेंदी काढायची. आदल्या वर्षी बोर्डीच्या एका लग्नघरात आम्ही बरोबर होतो. तिने काढलेली बारीक नक्षी बघून मी माझं काम थांबवलं होतं. चहा पिताना तिने मला विचारलं होतं, ताई, एकटीने कामं घ्यायला भीती नाय वाटत? मी म्हटलं होतं, वाटते, पण मग फोन वाजायला लागतो आणि घाबरायला वेळ राहत नाही. त्यानंतर तिने सुटी कामं घ्यायला सुरुवात केली, वापीपर्यंत जाते, असं माझ्या कानावर आलं होतं. मला त्याचा अभिमान वाटला होता, जणू काही मीच तिला शिकवलं.

तिच्या मानेच्या दोन्ही बाजूंना बोटं उमटली होती. निळी-जांभळी. मी सांगितलं होतं अगदी तशी. ब्लाउजच्या पाठीतून पट्ट्याचे वळ वर आले होते.

मी आवाज खाली आणून म्हणाले, "कधी गं?"

ती रडत नव्हती. ती म्हणाली, "ताई, दादाने आदी तुमाला फोन लावला. मंग मना मारलं."

मला नीट कळलं नाही, म्हणून तिने पुन्हा सांगितलं, हळू, लहान मुलाला सांगावं तसं. नवऱ्याकडच्यांनी निरोप पाठवला होता की लग्नानंतर मेंदीची कामं बंद, बाहेर जायचं नाही. ती आदल्या दुपारी जेवताना म्हणाली, मग मला हे लग्न नको. भाऊ ताटावरून उठला. मारायला हात उचलला आणि थांबला. उद्या वऱ्हाड येणार, हे त्याच्या लक्षात आलं असणार. तो मागच्या अंगणात गेला. तिने खिडकीतून ऐकलं, तो कोणाला तरी विचारत होता, उद्या निळा होतो काय, पक्कं ना. मग तो आत आला, दाराला कडी घातली आणि पट्टा काढला.

मी उघडलेली पेटी परत बंद केली. इतकी वर्षं मला वाटायचं की मार आधी असतो आणि मी नंतर येते. इथे मी आधी आले होते. माझा होकार मिळाला नसता तर कदाचित त्याचा हात खाली आला असता. नळावर बसून, बोंबलांच्या वासात, मी त्याला परवानगी दिली होती.

"तुला काय करायचंय?" मी विचारलं.

"मना नाय जायचं. मावशी हाय चिंचणीला. ती ठेवील मना. पन इथून कोन सोडील?"

दाराबाहेर तो बसला होता. अंगणात त्याचे मित्र पातेली उतरवत होते. मी आत्ता ओरडले असते तर मला उचलून बाहेर टाकलं असतं आणि दुसरी कोणीतरी येऊन तिच्या मानेवर ओढणी गुंडाळून तिला मांडवात बसवलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा मी माझा राग गिळला. फार कडू होता.

या घरांतली एक रीत मला ठाऊक होती. मुहूर्ताच्या आधी वरमाय, म्हणजे नवऱ्याची आई, नवरीच्या खोलीत येते, तिची ओटी भरते आणि आपल्या घरचा सोन्याचा सर स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यात घालते. ते नवरीच्या गळ्याला हात लावणारे पहिले सासरचे हात.

मी कामाला लागले. नारिंगी लावला, वर फाउंडेशन लावलं, बोटं नाहीशी झाली. एरवी यानंतर पावडर दाबून दाबून बसवतात, वर फिक्सरचा फवारा मारतात. मग घाम येवो, रडू येवो, काही हलत नाही. मी पावडर लावली नाही. उलट फाउंडेशनमध्ये खोबरेल मिसळलं. दिसायला झकास, पण हात लागला की ओल्या चुन्यासारखं निघून येणार. चेहरा मात्र मी जीव ओतून केला. तिच्या कानाशी वाकून सांगितलं, "ती बाई विचारेल. तेव्हा तू बोलायचंस. मी बोलले तर ते मेकअपवालीचं भांडण होईल." तिने मान हलवली.

भाऊ तपासायला आत आला. मोबाइल काढला, मानेजवळ धरून फोटो घेतला, मोठा करून बघितला. "एक नंबर," तो म्हणाला. "म्याडम, तुमच्यासारखं काम कोनाचं नाय." आणि मनापासून हसला. त्या हसण्यासाठी मी त्याला कधीच माफ करणार नाही.

मी स्ट्रेटनर प्लगला लावून तिच्या पुढच्या बटा सरळ करत होते तेवढ्यात वऱ्हाड आलं. वरमाय आत आली. गुजरातच्या सीमेपलीकडची, अंगाने भरलेली, गुडघेदुखीने हळू चालणारी बाई. सोबत दोघी-चौघी. ओटी भरली. डबीतून सर काढला आणि नवरीच्या मागे जाऊन गळ्यात घातला. कडी लागेना. ती बोटांनी चाचपडत राहिली, खोलीत पंखा नव्हता, नवरीला घाम फुटला होता. शेवटी कडी बसली आणि तिने हात मागे घेतले तर बोटं रंगाने माखलेली. सोन्यावरही रंग. तिला वाटलं, मेकअप बिघडला, म्हणून तिने रुमालाने मानेवरून पुसलं. रुमालाखालून निळी बोटं वर आली.

"आ हुं छे?" हे काय, ती म्हणाली.

सोबतच्या बायका पुढे वाकल्या. नवरीच्या आईने हातातलं ताट खाली ठेवलं. मी नवरीकडे बघत होते आणि मनात तिला शिव्या घालत होते, बोल, बये, बोल. ती जमिनीकडे बघत होती. मला वाटलं, गेलं सगळं.

मग तिने मान वर केली. "दादाने मारलंय. मना लगीन करायचं नाय," ती म्हणाली. आवाज मोठा होता. बाहेर अंगणात ऐकू गेला.

वरमाईला तिची दया आली, असं मी म्हणणार नाही. तिने त्या मानेकडे पाहिलं, मग सराकडे. कडी काढली, सर पुसला, डबीत ठेवला आणि डबी टक्कन बंद केली. "उद्या आ छोकरीने काय करून घेतला तर केस आमच्यावर," ती सोबतच्या बायकांना म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. लग्न तिथेच मोडलं.

भाऊ आत आला तो थेट माझ्या अंगावर. त्याला सगळं कळलं होतं, मूर्ख नव्हता तो. पहिला ठोसा माझ्या डोळ्यावर बसला. माझं डोकं मागच्या लोखंडी कपाटावर आदळलं आणि भुवई फुटली. त्याने लाथेने पेटी उडवली. माझे रंग, माझ्या डब्या, वर्षानुवर्षं जमवलेले ब्रश भिंतीवर जाऊन फुटले आणि खोलीभर पावडरचा धुरळा उडाला. त्याने माझे केस धरून मला खाली खेचलं. त्याची आई "नको रे" म्हणत होती, पण जागेवरून हलत नव्हती. माझा हात जमिनीवर चाचपडत होता आणि स्ट्रेटनर हाताला लागला. तो अजून प्लगलाच होता.

माझ्या मालकिणीने माझ्या मनगटावर तो शांतपणे ठेवला होता. मी ठेवला नाही. मी तो त्याच्या दंडावर, शर्टावरूनच, दोन्ही हातांनी दाबला आणि तो ओरडायला लागल्यावरही सोडला नाही. कापड जळलं, मग कातडी जळली. त्या वासाने मला बरं वाटलं. हे लिहायला नको असेल, पण वाटलं ते वाटलं.

तो मागे कोलमडला. मी उठले आणि तो चिमटा उघडा धरून समोर उभी राहिले, रक्त डोळ्यात उतरत होतं, आणि वायर पोचत होती तिथपर्यंत कोणी जवळ आलं नाही. लांब वायरचा बोर्ड घेतल्याचं इतकं समाधान मला कधी झालं नव्हतं. बाहेर दोन्हीकडचे पुरुष एकमेकांच्या गळपट्ट्या धरत होते. खुर्च्या उडत होत्या. त्या गर्दीतून नवरीने माझा हात धरून मलाच ओढत नेलं. ती माझ्या मागे स्कूटरवर बसली, मुंडावळ्या, मेंदी, शालू सगळं तसंच. मागून कोणी तरी दगड मारला. स्कूटरचा आरसा फुटला, आम्ही निघालो.

तलासरीला तिने तक्रार दिली. तिथे तिच्या भावाचीही तक्रार आली, चटक्याची, माझ्याविरुद्ध. ती भानगड अजून मिटलेली नाही आणि मी त्यात खोटं काही सांगितलेलं नाही. मग हायवे धरला. कासाच्या दवाखान्यात माझी भुवई शिवली. तिथे रांगेतल्या एका म्हातारीने आम्हा दोघींकडे, म्हणजे शालूतल्या नवरीकडे आणि रक्ताने माखलेल्या माझ्याकडे, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "लगीन लागलं का लागायचंय?" नवरी हसायला लागली. तिला हसू आवरेना, मग रडू आवरेना. मी तिला धरून बसले. संध्याकाळच्या आत तिला चिंचणीला मावशीच्या दारात सोडलं. मावशीने काही विचारलं नाही, पाणी तापायला ठेवलं.

दोन दिवसांनी माझं काम होतं. पेटी नव्हती, उसनी आणली. आरशात बघितलं तर माझा डोळा नवरदेवाच्या त्या वांग्याहून वाईट. आई म्हणाली, "अगं, झाकून तरी जा. तुझं तर कामच ते." मी नाही झाकला. तिथली नवरी मला बघून दचकली, तिच्या आत्या कुजबुजल्या, एकीने विचारलं, मोरीत घसरलात का? "नाही," मी म्हणाले, "एका पुरुषाने मारलं." त्यांच्यातली एक जण, तरुण होती, निघताना माझ्याजवळ येऊन नुसती उभी राहिली आणि मग निघून गेली.

काही गिऱ्हाइकं तुटली. लग्न मोडणारी बाई घरात नको, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरही असेल. बाकीची टिकली. चिंचणीला मावशीकडे राहिलेल्या त्या मुलीला पुन्हा कामं मिळायला लागली. पुष्कळदा आम्ही लग्नघरी बरोबर जातो, हात तिचे, तोंड माझं. ती आता माझ्याहून जास्त भांडते. मेंदी ओली असताना कोणी घाई केली तर नवरीच्या आईलाही ऐकवते.

डाग झाकायचं काम मी सोडलेलं नाही. सोडून त्या बायकांचं काय होणार, त्या तशाच चारचौघांत जाणार. पण आता मी विचारते. कोणी मारलं ते विचारते. आणि फोन पुरुषाचा असला तर आणखी एक प्रश्न विचारते.

परवा दुपारी असाच एक आला. आवाज मऊ, बोलणं अदबीचं. घरात कार्यक्रम आहे, मिसेसना तयार करायचं आहे, म्हणाला, आणि जरा झाकायचंही काम आहे.

"लागलंय," मी विचारलं, "की लागायचंय?"

पलीकडे त्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली. एक बाई आतून विचारत होती, कोणाचा फोन आहे हो?

"तिच्याकडे द्या फोन," मी म्हणाले.